कोड अकरा

त्या वर्षी माझ्या दुकानात
साबणापेक्षा रिचार्ज जास्त खपलं.
पाळीच्या तिठ्यावर टिपर उभे करून ड्रायव्हर यायचे,
भुवयांपर्यंत तांबडी धूळ,
काउंटरवर पन्नासाची नोट ठेवून म्हणायचे,
"मळीकाच्या चलयेक घाल रे."
मी त्यांच्याच फोनवरून मेसेज टाकायचो.
काहींना वाचता येत नव्हतं,
पण अकरा यायचं. दोन उभ्या काठ्या.

सुलक्षा. दिगूची धाकटी.
दिगू दिवसाला सहा खेपा मारायचा, खाण ते बार्ज,
आणि रात्री देवळात पेटीवर.
सहा वर्षांची असताना ती काल्याच्या नाटकात
चवरी धरून उभी होती, नुसती शोभेला.
सूत्रधार नांदी विसरला.
हिने चवरी खाली न ठेवता ती पुरी केली.

टीव्हीवर पहिल्यांदा विचारलं, "कसं वाटतंय?"
ती म्हणाली, "मला भंय दिसतं."
परीक्षक हसले. किती गोड हेल, म्हणाले,
आणि पुन्हा म्हणायला लावलं.
तिने पुन्हा म्हटलं.
दुसऱ्यांदा ती घाबरलेली नव्हती,
ते फक्त मला आणि दिगूला कळलं असावं.

मग बॅनर लागले.
बॅनरवर आमदार मोठा, ती लहान,
मध्ये दिगूचं नाव चुकलेलं.

शेवटच्या रात्री मतांना दहापर्यंत वेळ होता
आणि आठला टॉवर गेला.
दुकानात माणसं मावेनात.
मी पैसे घेत होतो, वहीत नावं लिहीत होतो,
"गेलं, गेलं" म्हणत होतो.
येईल रेंज, मग बसून एकेक टाकीन, असं होतं मनात.
रेंज साडेदहाला आली.
वहीत एकशे त्रेचाळीस.

ती चौथी आली.
दिगूने आणलेले फटाके तसेच राहिले,
चवथीला वाजवले, निम्मे सादळले होते.

पुढे खाण बंद पडली.
टिपर जिथे होते तिथेच, चाकांतून रान वर आलं.
सुलक्षा मालिकेत लागली, धाकटी सून.
गायची नाही. एका दिवाळीला गायली,
तेव्हा ओठ तिचे, गळा दुसऱ्याच कुणाचा.
बोलणं सुधारायला बाई ठेवली होती म्हणे,
तासावर पैसे घेणारी.
पहिल्या वर्षात ती सोळा वेळा म्हणाली, "मला भीती वाटते."
मी मोजलं. धंदा नव्हता, मोजायला वेळ होता.
सोळाही वेळा बिनचूक.

परवा काल्याला आली होती.
समितीने पुढची खुर्ची दिली, शाल दिली.
पोरं फोटोसाठी खांद्याला खांदा लावत होती.
मध्यंतरात एकटीच दुकानाकडे आली,
लिंबूसोडा मागितला,
बाटलीतली गोटी बोटाने दाबून पाहिली, लहानपणी दाबायची तशी.
"तुम्ही सगळ्यांनी किती मतं घातली होती," म्हणाली,
"मी बाबांना अजून विचारते."

वही ड्रॉवरमध्ये होती. अजून आहे.
त्या पैशांतून मी फ्रीज घेतला,
तोच, ज्यातून तिचा सोडा काढला.
सांगायचं होतं.
तोंडापर्यंत आलं ते एवढंच:
"किती ते मोजलं नाही गो बाय."

ती हसली. मंडपात तिसरी घंटा झाली.
"जाते," म्हणाली, आणि मग,
इकडेतिकडे बघून, हळूच, "वतां."
मी पैसे नको म्हणत होतो
तोवर तिने फोन धरला होता
आणि काउंटरवरच्या डबीतली बाई
स्वच्छ, शुद्ध, कुठल्याच गावची नसलेल्या आवाजात म्हणाली,
वीस रुपये प्राप्त झाले.